उंची पाच-दोन, रस्ता पोडाचा, गाडी कोणती घेऊ?

पत्र थोडक्यात असं आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रावर काम करणाऱ्या २६ वर्षांच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्याकडे काही गावं आणि जंगलाच्या कडेची पोडं, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्या, आहेत, आता स्कूटीवर जातात, पण पोडाच्या रस्त्यावर स्कूटी खालून घासते, नाल्यात चाक फसते, मागे औषधांची बॅग आणि कधी व्हॅक्सिनचा डबा असतो. म्हणून सेकंडहँड ड्युअल स्पोर्ट, म्हणजे डांबरी आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांवर चालणारी गाडी घ्यायची आहे, बजेट सगळं मिळून १ लाख २० हजार. पुण्यातला मावसभाऊ त्याची २०१८ ची रॉयल एनफील्ड हिमालयन ४११ त्यांना १ लाख १० हजारात देतो म्हणतो. नागपूरला २०२१ ची हिरो एक्सपल्स २०० साधारण ९० हजारात दिसली आहे. बाबा म्हणतात काही नको, माझी स्प्लेंडर ने. मोठा भाऊ म्हणतो घ्यायची तर मोठीच घे, जड गाडी रोडवर पक्की बसते, पण तुला काही झेपणार नाही. ताईंची उंची पाच फूट दोन इंच, गेअरची गाडी म्हणजे बाबांची स्प्लेंडर, तीही गावातल्या गावात चालवलेली. प्रश्न असा की पावसाळ्याच्या आधी घेऊन टाकू का, आणि कोणती?

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात तीन गाड्या आहेत, किंमती आहेत, घरच्या सगळ्यांची मतं आहेत, पण रस्ता मात्र एका ओळीत उरकला आहे. मला वाटते तिथूनच सुरू करावं. एक दिवस नेहमीसारखं कामावर जा आणि फक्त एवढं बघा की डांबरी किती, मुरूम-गिट्टीचा किती आणि निव्वळ काळ्या मातीचा पांदण रस्ता किती. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी काय असते, तालुक्यापासून मोठ्या गावापर्यंत डांबरी, मग गावापासून पोडापर्यंत मुरूम टाकलेला, कुठे उखडलेली गिट्टी, मध्ये एखादा रपटा म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल, आणि शेवटचा तुकडा वावरातून. या तिन्ही रस्त्यांचं गाडीकडे मागणं वेगळं आहे. डांबरीवर कोणतीही गाडी चालते, त्यासाठी खर्च करायची गरज नाही. मुरूम, गिट्टी, खड्डे, कोरडा नाला, इथे मात्र ड्युअल स्पोर्ट गाडीचा खरा उपयोग आहे, कारण पुढचं चाक मोठं असते म्हणून खड्ड्यात पडत नाही, वरून निघून जाते, सस्पेन्शन लांब असते, इंजिनच्या खाली जागा असते. ही खालची जागा, म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स, स्प्लेंडरचा १६५ मिलिमीटर आणि एक्सपल्स किंवा हिमालयनचा २२०, हा फरक ज्या दगडावर तुमची स्कूटी घासते त्याच दगडावर कळते.

पण तिसरा तुकडा, काळी माती. इथे मला तुमचा एक समज थोडा हलवायचा आहे, राग मानू नका. तुम्ही लिहिलं की पावसाळ्यात पोडावर जाता यावं म्हणून ही गाडी पाहिजे. आपली काळी माती ओली झाली की कोणत्याच गाडीची राहत नाही. ती टायरच्या खाचांमध्ये बसते, मग टायर गोटा होते, मग मडगार्ड आणि चाकाच्या मधात भरते आणि चाकच फिरणं बंद होते, लाकडाने खरडून काढा, दहा पावलं जा, परत तेच. लाख रुपयाची गाडी असो की तीन लाखाची, गठ्ठ्यांचे टायर असो की साधे, पंधरा मिनिटाच्या पावसाने सगळ्यांना सारखं केलं आहे. म्हणून पावसाळ्यातल्या शेवटच्या तुकड्यासाठी गाडी घेऊ नका, तिथे गाडी मुरमावर एखाद्या ओळखीच्या घरासमोर लावायची आणि बॅग पाठीवर घेऊन चालत जायचं हेच करावं लागते, आजही तुम्ही तेच करत असाल. गाडी घ्यायची ती उरलेल्या महिन्यांसाठी आणि मुरमाच्या रस्त्यासाठी. एवढं मनात पक्कं केलं तर निवड बरीच सोपी होते, आणि बाबांचं म्हणणंही वेगळं दिसायला लागते, त्यावर पुढे येतो.

त्याआधी एक कागदाची गोष्ट, कारण ही कोणी सांगत नाही. तुमचं लायसन्स काढून बघा. स्कूटीवर काढलेलं असेल तर त्यावर बहुतेक एमसीडब्ल्यूओजी लिहिलेलं असणार, म्हणजे विना गेअरची दुचाकी. त्या लायसन्सवर गेअरची गाडी चालवता येत नाही, बाबांची स्प्लेंडरसुद्धा नाही. पोलीस पकडतील हा त्यातला लहान भाग, मोठा भाग असा की अपघात झाला तर इन्शुरन्सवाले पहिले लायसन्सच मागतात आणि तिथेच अडवतात. एमसीडब्ल्यूजी जोडून घ्यावं लागते, त्यासाठी परत लर्निंग काढायचं, ते सहा महिने चालते, आणि तीस दिवसांनंतर टेस्ट देता येते. म्हणजे गाडी कोणतीही घ्या, पुढचा एक महिना तसाही शिकण्यातच जाणार आहे. मृगाच्या आधी गाडी दारात पाहिजे ही घाई इथेच संपते, आणि मला ते बरंच वाटते.

आता मोठ्या भावाचं म्हणणं. जड गाडी रोडवर पक्की बसते हे खरं आहे, पण कोणत्या रोडवर? पांढरकवड्यावरून जो नागपूर-हैदराबाद हायवे जातो, ४४ नंबरचा, त्यावर ऐंशी-नव्वदच्या स्पीडने जायचं असेल, बाजूने ट्रक जाताना वाऱ्याचा झटका बसत असेल, तिथे हिमालयन छान चालते, तिची ताकद खालच्या स्पीडला आहे, सीट मोठी आहे, लांबच्या प्रवासाला तिला तोड नाही. पण तुमचा रस्ता ताशी वीस-तीसचा आहे. तिथे गाडी पक्की बसायची नाही, हलकी वळायची आहे, थांबायची आहे, ढोरं आडवी आली की एका पायावर तोलायची आहे. आणि मुख्य म्हणजे, ती पडणार आहे. हे घाबरवण्यासाठी सांगत नाही, मुरमावर नवीन माणसाची गाडी आडवी होतेच, बहुतेक वेळा उभ्या-उभ्या किंवा अगदी हळू, यू-टर्न घेताना, नाल्याच्या चढावर क्लच सुटून. लागत फारसं नाही. प्रश्न त्यानंतरचा असतो. दुपारची वेळ, पोडापासून दीड-दोन किलोमीटर, मोबाईलला रेंज नाही, रस्त्यावर कोणी नाही, आणि गाडी आडवी पडून आहे. ती तुम्ही एकटी उचलू शकता का?

मला विचाराल तर तुमच्यासाठी गाडी निवडायची हीच कसोटी आहे. सीसी नाही, मॉडेलचं वर्ष नाही, युट्युबवाला काय म्हणतो ते नाही. एकटीला उचलता येईल आणि तालुक्यात दुरुस्त होईल अशी गाडी.

त्या हिशोबाने बघा, स्प्लेंडर ११२ किलो, एक्सपल्स २०० साधारण १५५ किलो, आणि हिमालयन ४११ पेट्रोलसकट १९० च्या वर. तुमच्या बॅगेचं आणि डब्याचं वजन वेगळं. एक्सपल्स आणि हिमालयनमध्ये पस्तीस-चाळीस किलोचा फरक आहे, हे गहू-तांदळाच्या कट्ट्याएवढं वजन जमिनीवरून उचलताना जाणवते, रोडवर चालवताना नाही, म्हणूनच भावाला ते दिसत नाही.

पण "तुला झेपणार नाही" हे मी मान्य करत नाही, आणि तुम्हीही करू नका. पडलेली गाडी हाताच्या जोराने कोणीच नीट उचलत नाही, पैलवान उचलायला गेला तरी त्याच्या कंबरेत चमक भरते. पेशंट उचलताना कंबरेतून वाकायचं नाही, गुडघ्यातून उठायचं हे तुम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं असेल, गाडीचंही तसंच आहे. आधी इंजिन बंद करायचं, गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच काढून ठेवायचा म्हणजे उचलताना पलीकडे जाणार नाही, गेअर टाकलेला असू द्यायचा म्हणजे चाक घरंगळणार नाही, हँडल पूर्ण वळवायचं, मग गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला बूड टेकवायचं, एका हाताने हँडलची मूठ, दुसऱ्या हाताने मागचं कॅरिअर किंवा फ्रेमचा दांडा धरायचा आणि छोटी-छोटी पावलं मागे टाकत पायाच्या जोराने उठायचं. डाव्या अंगावर पडली असेल तर स्टँड खालीच दबलेला असतो, मग उभी झाल्यावर गाडी मांडीला टेकवून धरायची आणि पायाने स्टँड काढायचा. आधी स्प्लेंडरवर करून बघा, वावरात कुटाराच्या ढिगाजवळ आडवी टाकून, बाबांना बाजूला उभं करून. ती जमली की कोणाची ओळखीची एक्सपल्स असेल तर तिच्यावर. विकणारा माणूस त्याची गाडी आडवी पाडू देणार नाही हे उघड आहे, म्हणून ही सोय आधीच लावायला लागते. एक्सपल्स उचलताना तुमचा दम लागला पण ती उभी झाली, तर ती तुमची गाडी आहे. नाही झाली तर मन खट्टू न करता स्प्लेंडरवरच राहा, त्यात कमीपणा काहीच नाही.

उंचीचं आता. तुम्ही लिहिलं की हिमालयनची सीट खाली आहे म्हणून तीच बरी वाटते. बरोबर आहे, हिमालयनची सीट ८०० मिलिमीटर आणि एक्सपल्सची ८२३. पाच-दोनच्या माणसाला ८०० वर पायाचे पंजे टेकतात, ८२३ वर दोन्ही बाजूंची बोटं जेमतेम. पण दोन्ही पाय सपाट टेकले पाहिजे हा स्कूटीचा सवयीचा हिशोब आहे. अशा गाडीवर थांबताना बूड थोडं डावीकडे सरकवायचं आणि डावा पाय पूर्ण टेकवायचा, उजवा पाय मागच्या ब्रेकवर. सपाट रस्त्यावर हे आठ दिवसात अंगवळणी पडते. खरी अडचण तेव्हा येते जेव्हा डावीकडे खड्डा असतो आणि पाय हवेतच राहतो, म्हणून कुठे थांबायचं हे दहा फूट आधी ठरवायची सवय लावा. हलकी गाडी एका पंजावर तोलता येते, जड गाडी थोडी जरी कलली की मग थांबवता येत नाही, म्हणून २३ मिलिमीटरचा फायदा हिमालयनच्या वजनात निघून जातो असं माझं मत आहे. शिवाय सीटचा फोम कमी करून घेता येते, सीट शिवणारे तालुक्याच्या ठिकाणी असतातच, इंचभर फोम बाजूंनी आणि वरून काढला तर पुष्कळ फरक पडते आणि खर्चही जास्त नाही. मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, सैल करूनही थोडी खाली बसते. मागच्या शॉकअपची लिंक बदलून गाडी खाली करून देतो असं कोणी म्हटलं तर नको म्हणा, त्याने गाडीचा तोल बदलते, साइड स्टँडवर सरळ उभी राहून पडते आणि ज्या क्लिअरन्ससाठी घेतली तोच जाते. आणि एक्सपल्समध्ये प्रो नावाची गाडी दिसली तर तिच्या वाट्याला जाऊ नका, ती सीट ८९१ आहे, उंच लोकांची गाडी.

बाबांचं म्हणणं मी शेवटी ठेवलं नाही, मधातच आणतो, कारण त्यात दम आहे. आपल्याकडचे दूधवाले, लाइनमन, तुमच्याच खात्यातले जुने लोक आयुष्यभर याच रस्त्यांवर शंभर सीसीच्या गाड्या घेऊन गेले. स्प्लेंडरचा पार्ट किराणा दुकानाच्या बाजूला भेटते, पंक्चर कोणीही काढते, आणि ती उचलायला हलकी. लायसन्स येईपर्यंतचा जो काळ आहे तो सगळा स्प्लेंडरवर घालवा, लर्निंग काढून, एल लावून, बाबांना सोबत घेऊन. आधी क्लच. सकाळी रिकाम्या मैदानात फक्त क्लचवर चालायच्या वेगाने गाडी चालवा, ॲक्सिलरेटर न देता. मग वावराच्या चढावर थांबवून परत काढा. मग मुरमावर जाऊन मागचा ब्रेक दाबून बघा की चाक कसं घसरते, आणि पुढचा ब्रेक एका बोटाने हळूहळू. मुरमावर पुढचा ब्रेक झटक्याने धरला आणि हँडल वळलेलं असलं की माणूस खाली, हे एवढं एक शिकलात तरी निम्मं काम झालं. खडबडीत रस्त्यावर फुटरेस्टवर थोडं उभं राहायचं, गुडघे सैल, नजर चाकाच्या पुढे नाही तर दूर. हे सगळं स्प्लेंडरवर शिकता येते आणि पडली तर इंडिकेटर तुटते, दीडशे रुपयात काम होते. महिना-दीड महिना असं केल्यावर तुम्हालाच कळेल की खरंच मोठी गाडी पाहिजे की स्प्लेंडरला पुढे-मागे चांगले टायर आणि खाली लोखंडी गार्ड लावून भागते. मुरमाचा तुकडा चार-पाच किलोमीटरच्या आत असेल तर मी तुमच्या जागी स्प्लेंडरच ठेवली असती. त्याच्यावर असेल, आणि तुम्ही पत्रात लिहिलं त्यावरून तसंच वाटते, तर एक्सपल्स.

म्हणजे माझा कौल एक्सपल्सकडे आहे, २०२० किंवा २०२१ ची, साधी २०० वाली. हिरो कंपनीच इथली सगळ्यांची आहे, तालुक्याला सर्व्हिस भेटते, हिमालयनसाठी तुम्हाला बहुतेक जिल्ह्याला जावं लागेल आणि एखादी केबल तुटली तरी एक सुट्टी जाईल. मागे कॅरिअरची प्लेट असते, व्हॅक्सिनचा डबा नीट बांधता येते. ताकद १७-१८ बीएचपी, तुमच्या कामाला पुरून उरते. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी सोय, फक्त पुढच्या चाकाला असते, मागचं चाक लॉक होऊन घसरू शकते हे माहीत असू द्या. मावसभावाची हिमालयन २०१८ ची आहे म्हणता तर एबीएस आहे की नाही ते विचारा, त्या वर्षी दोन्ही प्रकारच्या गाड्या आल्या, चाकाच्या डिस्कजवळ भोकं-भोकं असलेली दुसरी छोटी रिंग दिसली तर आहे.

दोन्ही गाड्यांची एक अडचण सारखी आहे, आणि ती आपल्या बाभळीच्या मुलखात मोठी आहे. चाकं तारांची, आत ट्यूब. काटा गेला की चाक खोलावं लागते. पुढचं चाक २१ इंची, ९०/९०-२१, आणि या साइजची ट्यूब गावातल्या पंक्चरवाल्याकडे भेटणार नाही, तालुक्यातही भेटेलच असं नाही. म्हणून गाडी घेतल्याच्या आठवड्यातच पुढची-मागची एकेक ट्यूब नागपूर किंवा यवतमाळवरून आणून ठेवा आणि पुढची ट्यूब गाडीतच ठेवा, सोबत छोटा पायाचा पंप आणि चाक खोलायचा पाना. चाक काढणं-बसवणं एकदा मेकॅनिकच्या बाजूला बसून स्वतःच्या हाताने करून घ्या. २०० टी नावाची जी एक्सपल्स आहे तिला १७ इंची ॲलॉय चाकं आणि ट्यूबलेस टायर, सीटही ७९९, पण क्लिअरन्स १७८ आणि सस्पेन्शन छोटं, तर ज्यांचा रस्ता जास्त डांबरी आणि थोडा मुरूम आहे त्यांच्यासाठी ती चांगली.

जुनी गाडी बघायला जाल तेव्हा एकटी जाऊ नका, तालुक्याचा मेकॅनिक सोबत न्या, त्याची दिवसाची मजुरी द्या, ती वसूल होते. विकणाऱ्याला आधीच सांगा की इंजिन गरम करून ठेवू नका. गेल्यावर पहिले इंजिनला हात लावा, थंड असेल तरच सुरू करा, एका सेल्फमध्ये उठते का, सायलेन्सरमधून निळा धूर येते का, थंड्यात टकटक आहे का. या गाड्या लोक हौसेने दगड-धोंड्यात नेतात, उड्या मारतात, त्याच्या खुणा लपत नाहीत. पुढच्या शॉकअपच्या दांड्यावर बोट फिरवा, तेलकट लागलं तर सील गेलं. पुढचं चाक अधांतरी करून फिरवा, रिम वाकडी असेल तर लगेच दिसते, आणि प्रत्येक तारेवर पान्याने हळूच मारा, सैल तारेचा आवाज बसका येते. हँडल डावी-उजवीकडे हळू फिरवताना मधात खट् करून अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला. खाली वाकून इंजिनच्या खालची प्लेट बघा, ओरखडे असणं ठीक, चेपून इंजिनला टेकली असेल तर विचारा काय झालं होतं. मोबाईलचा टॉर्च लावून हँडलच्या खाली फ्रेमचं वेल्डिंग आणि मागे जिथे कॅरिअर जोडते तिथे चीर किंवा नवीन रंग आहे का बघा. ऑइलचं झाकण उघडून बघा, आतून दुधासारखं पांढरट दिसलं तर पाणी गेलं आहे, ती गाडी सोडा. क्लच-ब्रेकचे लिव्हर, हँडलची टोकं, फुटरेस्ट घासलेले असतील तर त्यावरून गाडी सोडू नका, ही गाडी पडलेली नसेल तर ती वापरलेलीच नाही असं समजा, फक्त त्यावर भाव कमी करा.

किलोमीटरच्या आकड्यावर मी फार विसंबत नाही. फुटरेस्टचे दात आणि सीटची शिवण जास्त खरं बोलतात. सर्व्हिसची बिलं मागा.

फ्युएल इंजेक्शन की कार्ब्युरेटर (इंजिनला पेट्रोल पोचवायची नवी पद्धत की जुनी) हा प्रश्न तुम्ही विचारला नाही पण नागपुरात जुन्या २०१९ च्या कार्बवाल्याही दिसतील म्हणून सांगतो. कार्ब गावातला मेकॅनिक खोलून साफ करून देते, इंजेक्शनला स्कॅनर लागते, पण इंजेक्शनची गाडी थंडीत पटकन उठते आणि तिचा त्रास मुळातच कमी होते. फक्त बॅटरी चांगली ठेवा, इंजेक्शनची गाडी बॅटरी उतरली की रुसून बसते, आणि किक नसेल तर ढकलल्याशिवाय उपाय नाही. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे आणि या वर्षांच्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत, म्हणून पेट्रोलच्या रबरी नळ्या तडकल्या असतील तर बदलून घ्या आणि महिना-महिना टाकी भरून गाडी उभी ठेवू नका.

कागद. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरशी स्वतः जुळवून बघा, मेकॅनिकला सांगू नका, स्वतः. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या, आणि १४ दिवसांच्या आत ट्रान्सफरला टाका. इन्शुरन्सही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला लागते, जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला भेटत नाही म्हणून प्रीमियम थोडा वाढते. नंबर टाकून ई-चलान बघून घ्या. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल, म्हणजे मावसभावाची हिमालयन, तर तिला नवीन एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली आहे का तेही बघा. "नाव नंतर करू, आपलेच आहोत" हे नात्यात सगळ्यात जास्त चालते आणि उद्या अपघात झाला की नोटीस जुन्या मालकाच्या घरी जाते, नात्यासाठी तरी कागद लवकर करा.

पैशाचं गणित मांडताना ९० हजार म्हणजे ९० हजार नसते. टायर, चेनकिट, बॅटरी, इन्शुरन्स, ट्रान्सफर, सीटचं काम, दोन ट्यूबा यासाठी पंधरा-वीस हजार बाजूला ठेवा. आणि चांगलं आयएसआय हेल्मेट, घोट्याच्या वर जाणारे बूट, गुडघ्याचे गार्ड याचे पैसे गाडीच्या आधी काढून ठेवा, चप्पल घालून मुरमावर जाऊ नका. १ लाख १० हजारात हिमालयन घेतली तर तुमच्याकडे दहा हजारच उरतात, त्यात टायरची जोडीही नीट येणार नाही. घाई नसेल तर दसरा-दिवाळीपर्यंत थांबा, तेव्हा लोक नवीन गाड्या काढतात आणि जुन्या बऱ्याच विकायला येतात, तुमचाही हात तोपर्यंत बसलेला असेल, आणि पावसाळाही सरलेला असेल.

दोन गोष्टी रस्त्याच्या. संध्याकाळी पोडावरून निघायला उशीर होऊ देऊ नका, रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर अंधार पडताना रस्ता ओलांडतात, रोही तर घोड्याएवढं असते आणि एकाच्या मागे दुसरं येतेच. आणि रपट्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका, पाणी गढूळ असते, खाली रपटा आहे की वाहून गेला ते दिसत नाही. ड्युअल स्पोर्ट गाडी आहे म्हणून पाण्यात घालायचा धीर येते, तो धीर आपल्या कामाचा नाही. पलीकडच्या पोडातल्या आशाताईला फोन लावून ठेवायचा आणि पाणी उतरेपर्यंत थांबायचं.

ज्यांचं पत्र असंच पण थोडं वेगळं आहे त्यांच्यासाठीही लिहितो. तुमची उंची पाच-आठच्या वर आहे, अंगात जोर आहे, आणि मुख्य काम अमरावतीवरून चिखलदऱ्याला नाहीतर लांब फिरायला जायचं आहे, तर हिमालयन ४११ बिनधास्त बघा. केटीएमच्या जुन्या ३९० ॲडव्हेंचरची सीट ८५५ आहे आणि पहिली गाडी म्हणून ती पोट्ट्यांनी घेऊ नये असं मी स्पष्ट सांगतो, तिची ताकद शिकणाऱ्याच्या हातात ठेवायची नाही. आणि २०११ ला आलेली हिरोची इम्पल्स कुठे स्वस्तात दिसली तर मन ओढ घेते, गाडी गुणाची आहे, पण बंद झालेली आहे, आधी तुमच्या मेकॅनिकला विचारा की पार्ट आणून देशील का, तो हो म्हणाला तरच.

राहिला तुमचा मावसभाऊ. तुम्ही लिहिलं की त्याने घरची म्हणून कमी किंमत लावली, आता नाही म्हटलं तर मावशीला वाईट वाटेल, आणि मला वाटते तुमच्या पत्रातली खरी अडचण हीच आहे, गाडीची नाही. त्याला सरळ फोन करा. उंचीचं, झेपत नाही वगैरे कारण सांगू नका, नाहीतर तो लोअरिंग किट सुचवत बसेल. सांगा की दादा, माझ्या रस्त्यावर मला एकटीला उचलता येईल अशीच गाडी पाहिजे, आणि दुरुस्ती तालुक्यात झाली पाहिजे, सुट्ट्या नाहीत मला. हिमालयन चालवणाऱ्याला हे दोन्ही मुद्दे लगेच पटतात, त्यानेही कधीतरी ती आडवी पाडलेली असणारच. वरून त्यालाच नागपूरच्या एक्सपल्सचे फोटो पाठवा आणि विचारा की काय काय बघू, त्याला गाड्यांचं कळते तर त्याचा सल्ला घ्या, म्हणजे नातंही राहते आणि तुमच्या बाजूने एक जाणता माणूसही येते. मोठ्या भावाशी वाद घालू नका, पुढच्या रविवारी स्प्लेंडर त्याच्यासमोर आडवी करा आणि उचलून दाखवा.

लायसन्सचा फॉर्म मात्र या आठवड्यातच भरा. एक्सपल्स बघून आलात की चेसिस, टायर आणि शॉकअपचे फोटो पाठवा, मी बघून कळवतो.